हुरड्यासोबत चॉकलेट पेस्ट्री

माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीभर त्यांनी गाडी चालवली आणि नोकरीभर गोड खाल्लं. कोणत्या स्टँडवरची जिलेबी कुरकुरीत असते, कोणत्या कँटीनचा पेढा सकाळीच खाऊन घ्यावा आणि संध्याकाळी त्याच्या वाटेला जाऊ नये, हे त्यांना रस्त्यावरच्या वळणांसारखं पाठ होतं. निवृत्त होऊन ते अमडापूरच्या घरी आले, थोडंसं वावर बघू लागले. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी दोन जाळ्या बसवल्या. मामाजी ठणठणीत घरी आले, पण सोबत एक कागद आला. तूप कमी, साखर कमी, तळण बंद.

त्या दिवसापासून आमचं घर पोलीस ठाणं झालं. मी त्यांना मामाजी म्हणते, सासूबाईंना आई. आईंनी साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर चढवला. गूळ धान्याच्या कोठीमागे गेला. मी शाळेत शिकवते, आम्ही राहतो बुलढाण्याला. तिथून फोन केला की आधी तब्येत, मग पाऊसपाणी, आणि मग हळूच आईंना, "गोड नाही ना खाल्लं त्यांनी?" हा प्रश्न ठरलेला. पलीकडून मामाजींचा आवाज यायचा, "मी इथंच बसेल हाय. मले इच्यार की."

आमच्याकडे नाताळच्या सुट्टीत सगळे अमडापूरला जमतात. सण म्हणून नाही. पुण्याच्या नणंदेच्या मुलांना तेव्हाच शाळेला सुट्टी असते आणि वावरात ज्वारी हुरड्याला आलेली असते, म्हणून. सकाळी बुद्धवंदना झाली की सगळी फौज वावरात, आणि दिवस मावळेपर्यंत तिकडेच. जाळ्या बसवल्यानंतरच्या पहिल्या नाताळात मामाजी नेहमीसारखे पंगतीला बसले. त्यांचा हात ताटाबाहेर गेला की सगळ्यांचे डोळे त्या हाताबरोबर जायचे. त्यांनी लाडवाकडे बघितलं मात्र, तोच एक नातू ओरडला, "आजी, आजोबा लाडू बघतायत!" सगळे हसले. मामाजीही हसले, पण पाणी पिऊन उठून गेले, ते परत पंगतीला आले नाहीत.

पुढच्या वर्षी डिसेंबर लागला तसा त्यांचा फोन आला. "तुमी सारे या, मजा करा. वावरात मी काही येत नाई. मी घर राखतो."

घराला राखण लागावी असं आमच्या घरात काही नाही. एक जुना टीव्ही आणि कुलूप न लागणारं कपाट. मी फोन ठेवला आणि ठरवलं, की यंदा गोड मी करणार, आणि असं करणार की मामाजींना सगळ्यांबरोबर खाता येईल. मुलांना चॉकलेट पेस्ट्री आवडते. तीच करायची, पण हलकी. लोणी नाही, क्रीम नाही, साखर बेताची. शनिवारी शाळेतून आल्या आल्या मी आईंना कळवूनही टाकलं.

"आई, यंदा गोड माझ्याकडं. चॉकलेटची पेस्ट्री आणते. एकदम हलकी."

"हलकी काऊन वं?" आई दचकल्या. "जवाई पुण्याहून येऊन राह्यले. त्यायले हलकं वाढतं का कोणी?"

"हलकी म्हणजे पोटाला हलकी, आई."

"मंग तसं म्हण नं बाई. मले वाटलं सुनेनं हात आखडला."

आता माझी अब्रू पणाला लागली होती. घरात एक छोटा ओव्हन होता, लग्नाच्या वाढदिवसाला यांनी आणलेला. आजवर त्याच्यात पापड भाजण्यापलीकडे आम्ही काही केलं नव्हतं. मी मोबाइलवर चार कृती बघितल्या आणि चौघींमधला सगळा चांगुलपणा एकत्र केला. एकीने मैद्याऐवजी कणीक घेतली होती, दुसरीने अंडं वगळलं होतं, तिसरीने तेल, चौथीने साखर. मी सगळंच वगळलं. ओव्हनमधून जे बाहेर आलं ते गोल होतं, चपटं होतं आणि काळपट होतं. यांनी त्यावर बोटाने टकटक केलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "हे भाजलं, की भिंतीवर थापून वाळवलं?"

माझ्या मुलीने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आईने गोवरी केली." पुण्याहून नणंदेचं लगेच उत्तर आलं, "टाकू नको वहिनी, हुरडा भाजायला घेऊन ये."

दोन दिवस मी ओव्हनकडे बघितलंही नाही. मग राग ओसरला आणि डोकं चालू लागलं. सामान काढून घेत गेलं तर केक हलका होत नाही, नुसता गरीब होतो. हलकेपणा हवेतून यायला पाहिजे. मग मी मैदा परत आणला, थोडं तेल घेतलं, अंडी फोडून पांढरं वेगळं केलं आणि ते बीटरने फेटून फेटून कापसासारखं केलं. पिवळं अगदी थोडं वापरलं. उरलेल्याची यांनी भुर्जी खाल्ली आणि प्रयोगाला पाठिंबा जाहीर केला. कोको, बेताची पिठीसाखर, कोमट दूध. आणि क्रीमच्या जागी रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, त्यात वाटलेला खजूर आणि कोको. या वेळी स्पंज टम्म फुगला. मुलीने फोटो काढला नाही, स्पंजच खाल्ला. तेव्हा मला कळलं की जमलं.

सुट्टी लागली. यांना रजा नव्हती, ते दुसऱ्या दिवशी मोटारसायकलने येणार होते. मी आणि मुलगी एसटीने निघालो, सोबत चादरीत गुंडाळलेला ओव्हन. गाडी भरलेली. कंडक्टर मामाजींच्या हाताखाली वाढलेला निघाला. मला ओळखून त्याने एका पोराला उठवलं आणि म्हणाला, "बसा वहिनी." मी बसणार, तोवर त्याने माझ्या हातातला ओव्हन घेऊन तिथे ठेवला. त्याला वाटलं, आधी ओव्हन नीट बसावा म्हणूनच मी उभी आहे. त्यामुळे चिखलीपर्यंत ओव्हन खिडकीशी बसून वारा खात आला आणि मी दांडा धरून उभी. शेजारच्या बाईने चादरीचा कोपरा उचलून बघितलं.

"टीव्ही हाय का वं?"

"नाही, ओव्हन आहे. केक करायचा."

"असं होय," ती जरा हिरमुसली. "मले वाटलं कोणाच्या रुखवताचं सामान चाललं."

अमडापूरला पोचलो तेव्हा पुण्याची मंडळी आधीच आली होती. जावई अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसले होते, अंगात नवाकोरा पांढरा स्वेटर. पोरं गल्लीत. मामाजी ओट्यावर आमच्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी पाया पडले तर म्हणाले, "आली का? बरं झालं." आणि पुन्हा शेंगा.

मी ओव्हन लावला. लाइट होती, म्हणजे बल्ब पेटलेला होता, पण व्होल्टेज इतकं कमी की ओव्हनची तार नव्या नवरीसारखी नुसती लाजून लाल झाली, तापायचं नाव घेईना. बीटरने एकदा घर्र केलं आणि मान टाकली. मुलं दाराशी उभी राहून विचारू लागली, "मामी, पेस्ट्री झाली?"

आई आल्या, ओव्हनवर हात ठेवून बघितला. "याच्यापक्षा तर मांजर गरम असते," म्हणाल्या. मग जरा वेळ विचार करून, "मोठ्या गंजात वाळू टाकते अन् चुलीवर ठेवते. झाकणावर इंगळ ठेवू. पण होईन का बाप्पा यात तुहं ते?"

मलाही माहीत नव्हतं. पण मोठं पातेलं, ज्याला आमच्याकडे गंज म्हणतात, ते चुलीवर चढलं, आणि मी ओट्यावर बसून तारेच्या रवीने अंड्याचं पांढरं हाताने फेटायला लागले. बीटरने जे काम चुटकीसरशी होतं त्याला हाताने काय लागतं हे सांगून कळायचं नाही. आधी फेस आला. मग फेस तिथेच थांबला. माझा दंड भरून आला. मी हात बदलला, परत बदलला.

"आवाज बदलला," मामाजी पाठ न वळवताच म्हणाले. "दमली तू."

"नाही मामाजी, होतंय."

"गाडी चढावर अशीच घुरघुरते. आण इकडं."

शेंगांचं सूप बाजूला झालं आणि भांडं त्यांच्या मांडीवर गेलं. आई चुलीपासून ओरडल्या, "अहो! तुमाले डाक्टरनं काय सांगतलं?"

"डाक्टरनं खायची मनाई केली," मामाजी म्हणाले, "हलवायची नाई केली."

आणि ते जे सुरू झाले! नोकरीभर जड स्टेअरिंग वळवलेले ते हात. एका लयीत, न घाई न आळस. अधूनमधून ते भांडं कलतं करून बघायचे, साखर टाकायला मला मानेने खूण करायचे. पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. पांढरं दाट होत गेलं, चमकायला लागलं, त्याला टोकं आली.

"आता कळन कसं, झालं म्हून?" त्यांनी विचारलं.

मी नको ते बोलून गेले. "भांडं उलटं केलं आणि खाली पडलं नाही, की झालं समजायचं."

मामाजी उठले. मला वाटलं, ते न्हाणीकडे जाऊन बघतील. ते सरळ अंगणात गेले, जावयांच्या खुर्चीमागे उभे राहिले, आणि म्हणाले, "जवाईबापू, हलू नका." आणि भांडं उलटं केलं, बरोबर त्यांच्या डोक्यावर.

"अवं माय!" आईंच्या हातातला चिमटा पडला. नणंद तोंडावर हात ठेवून उभी. घराण्याचा मान, पुण्याचा जावई, पांढरा स्वेटर घालून, दोन्ही हातांनी खुर्ची धरून, श्वास रोखून वर बघतोय. पांढऱ्या ढगाचा एक कण खाली आला नाही.

"झालं," मामाजी म्हणाले आणि भांडं सरळ करून माझ्याकडे दिलं.

जावयांनी खुर्ची सोडून आधी डोकं चाचपलं. मग म्हणाले, "मामा, आधी सांगितलं असतं तर विमा तरी काढला असता."

घर हसून हसून वाकलं. मी मात्र हसता हसता मामाजींकडे बघत होते. जाळ्या बसवल्यानंतर त्यांना इतकं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

मैदा-कोको मिसळून मिश्रण केकच्या भांड्यात ओतलं आणि ते भांडं गंजातल्या वाळूवर गेलं. झाकण उघडायचं नाही, उघडलं की बसतो, असं मी सांगितलं आणि मामाजींनी ते स्वतःवर घेतलं. चुलीसमोर पाट टाकून बसले. कोणी पोरगं जवळ आलं की "मागं हो बे, गाडी मागं येऊन राह्यली" म्हणायचे. आई झाकणावरचे निखारे कमीजास्त करायच्या, ते सूचना द्यायचे, त्यांची आपापसात बारीक तकरार चालू. वास सुटला तशी शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली. शेवटी मी झाकण काढलं. स्पंज फुगला होता, पण एका बाजूला उंच, एका बाजूला उतरता.

"वाकडा झाला," मी म्हटलं.

"वळणावरचा रस्ता असाच पाहिजे," मामाजी म्हणाले. "नाई तर गाडी बाहेर फेकाते."

सकाळी मी दोऱ्याने स्पंजचे थर कापले, मध्ये चक्का भरला, वड्या पाडून डब्यात ठेवल्या. सगळे वावरात निघाले. मामाजी घर राखणार होते. रिक्षा दारात आली तेव्हा पाहिलं तर ते पायात चपला घालून तयार. "या रस्त्यानं हे सामान मोडन," म्हणाले. "डबा धरायले माणूस पाहिजे नं." आणि डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. वाटेत खड्डा आला की रिक्षावाल्याला दम द्यायचे.

वावरात गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर केलेला होता. कणसं भाजली, तळहातावर चोळली, फुंकर मारून हिरवा दाणा तोंडात. सोबत लसणाची चटणी, दही, बोरं. मोटारसायकलवरून हेही येऊन पोचले. मामाजी पोरांना हुरडा चोळून देत होते. सगळं इतकं छान चाललं होतं की मी जरा गाफील राहिले.

आईंनी डबा उघडला. पहिली वडी ताटलीत काढली, मामाजींपुढे ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घ्या. हे तुमचं पथ्याचं." आणि पदराआडच्या पिशवीतून दुसरा डबा काढला. त्यात बालूशाही होती, खास जावयांसाठी.

मामाजींचा हात थांबला. त्यांनी ताटली खाली ठेवली. "ठेव बाजूले. भूक नाई मले," म्हणाले, आणि उठून तुरीच्या ओळींकडे चालायला लागले.

आई गोंधळल्या. त्यांनी तर प्रेमाने पहिली वडी दिली होती. जो शब्द टाळायला मी एवढा खटाटोप केला, नेमका तोच शब्द मध्ये येऊन बसला होता. जावई मात्र पुढे सरकले. बालूशाहीचा डबा त्यांनी हळूच बंद केला.

"आई, हे राहू द्या. ज्या केकसाठी माझं डोकं पणाला लागलं, तो मी खाणार." आणि त्यांनी वडी उचलली.

मग कोण थांबतंय! नणंदेने घेतली, यांनी घेतली, पोरांनी तर दोन्ही हातांनी. "हलका आहे वहिनी, खरंच," नणंद म्हणाली, "खाल्ल्यासारखं वाटतच नाही." म्हणून तिने आणखी एक घेतली. बघता बघता डब्यात चुरा उरला आणि एका भाच्याने तोही बोटाने पुसून घेतला.

मामाजी तुरी बघून परत आले. राग चालून चालून उतरला असावा. बसले, इकडेतिकडे बघितलं आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "माही कुठी हाय?"

त्यांची ताटली रिकामी होती. तिच्याजवळ धाकटी भाची बसली होती, नाकापर्यंत चॉकलेट माखलेली. "आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणाले ना? मग मी संपवली."

यावर मामाजी असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "बरं केलं माय," म्हणाले. "लय दिवसांनी माहं गोड कोणी खाल्लं. आजवर लपवतच होते सारे."

तेव्हा आई उठल्या. तुरीच्या झाडाखाली त्यांची पिशवी होती, तिच्यातून त्यांनी पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. त्यांच्या वाटची वडी होती. घरी जाऊन, कोणी बघत नसताना चाखायची म्हणून ठेवलेली. सुनेची पेस्ट्री पथ्याची ठरवून जावयांसाठी बालूशाही आणल्यावर ती सगळ्यांसमोर कशी खाणार? त्यांनी वडीचे दोन तुकडे केले आणि एक मामाजींपुढे धरला.

"अर्धीच?" मामाजी म्हणाले.

"पथ्य म्हून नाई," आई म्हणाल्या. "मलेबी खायची हाय म्हून."

मामाजींनी तुकडा घेतला. दोघं बांधावर शेजारी शेजारी बसून खात होते. आम्ही मुद्दाम हुरड्याकडे बघत होतो.

"गोड कमी हाय," मामाजी म्हणाले.

"हाव," आई म्हणाल्या.

"पण बरी हाय."

"हाव. बरी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मामाजी अंडी घेऊन ओट्यावर बसलेले. "काल तर मले अर्धीच भेटली," म्हणाले. त्या दिवशी मी फक्त सांगत होते, हात सगळे त्यांचे होते. नंतर मी बुलढाण्याला परतले, पण तारेची रवी अमडापूरलाच राहिली, मागितली तरी त्यांनी दिली नसती. एकदा ते स्वतः चिखलीला जाऊन कोको घेऊन आले. दुकानदाराने दुधात टाकायची गोड पावडर दिली होती, तर दुसऱ्या गाडीने परत जाऊन बदलून आणली. बुद्धपौर्णिमेला खिरीशेजारी त्यांची पेस्ट्री असते. भाऊबीजेला असते. ते स्वतः एक वडी खातात, तीही सगळ्यांबरोबर, आणि कोणी त्यांच्या ताटाकडे बघत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष आपल्या वाट्याला किती आली याकडे असतं. वाढायला तेच असतात आणि वाढताना फार कडक असतात.

मागच्या महिन्यात ते तपासणीला बुलढाण्याला आले तेव्हा हातात डबा होता. डॉक्टरांना द्यायला. मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला, आवाज एकदम खुशीत.

"सूनबाई, रिपोट चांगला हाय."

"वा! आणि पेस्ट्री? डॉक्टर काय म्हणाले?"

"दोन खाल्ल्या. मी म्हटलं, डाक्टरसाहेब, एकावर थांबा." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "त्यायच्या घरून तुले फोन येईन, कशी करता म्हून इच्यारायले. तुहाच नंबर देल्ला मी. पण तू काही सांगू नको. म्हण, मामाजी घरी आले की तेच सांगतीन."